अलॉय लावल्यावर स्टेअरिंग थरथरतंय? बॅलन्सिंगला पैसे घालण्याआधी हब रिंग तपासा



आमच्या दादाची स्विफ्ट आहे, १४ इंची लोखंडी चाकांची. तो राहतो बदलापूरला, मी अंबरनाथला. मागच्या वर्षी त्याने हौसेने उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका दुकानातून १५ इंची अलॉय आणि नवीन टायर बसवून घेतले. गाडी मस्त दिसायला लागली. दोन आठवडे सगळं छान होतं, कारण बदलापूर ते उल्हासनगर रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ काटा ४० च्या वर जातच नाही.

मग आम्ही पुण्याला निघालो. मागे आई आणि वहिनी. कर्जत, खोपोली करून एक्सप्रेसवेला लागलो आणि ८० च्या पुढे स्टेअरिंग थरथरायला लागलं. ९० ला तर डॅशबोर्डवरचा गणपतीही हलायला लागला. दादाने वेग कमी केला, थरथर गेली. वाढवला की परत हजर.

परत आल्यावर दादाने तीनदा व्हील बॅलन्सिंग आणि एकदा अलाइनमेंट करून घेतलं. प्रत्येक वेळी मशीन शून्य दाखवायचं आणि मोकळ्या रस्त्यावर थरथर तशीच. शेवटी टायर खराब निघाले असं समजून तो नवे टायर घ्यायला निघाला होता. खरी भानगड होती चार छोट्या रिंगांची, ज्या दुकानात कोणी बसवल्याच नव्हत्या. आज तेच नीट समजून घेऊया.

हब रिंग म्हणजे काय?

गाडीचं चाक काढलं की मधोमध एक गोल उंचवटा दिसतो. तो हब. चाकाच्या मधलं गोल भोक या हबवर बसतं. त्या भोकाला सेंटर बोअर म्हणतात.

कंपनीच्या चाकाचा सेंटर बोअर त्याच गाडीच्या हबच्या मापाचा असतो. स्विफ्टचा हब ५४.१ मिमी, म्हणून कंपनीच्या चाकाचं भोकही ५४.१. चाक हबवर सरकवलं की आपोआप मधोमध बसतं.

बाजारातलं अलॉय मात्र एकाच गाडीसाठी बनत नाही. चार नटांमधलं अंतर, म्हणजे पीसीडी, स्विफ्ट, होंडा सिटी आणि आय-२० या तिघींचा ४×१०० आहे. पण सिटीचा हब ५६.१ मिमीचा असतो. मग चाक बनवणारा भोक मोठंच ठेवतो, बहुतेक वेळा ७३.१ मिमी, म्हणजे सगळ्यांना चालेल.

आता हिशोब बघा. ७३.१ मधून ५४.१ गेले, उरले १९ मिमी. म्हणजे हबच्या चारही बाजूंनी साडेनऊ मिमी मोकळी जागा. त्यात पेन्सिल सहज जाते. ही जागा भरणारी रिंग म्हणजे हब रिंग. तिचं बाहेरचं माप चाकाचं, आतलं माप हबचं.

मग मशीन शून्य का दाखवत होतं?

दादाचे पैसे इथेच गेले. बॅलन्सिंग मशीनवर चाक बसवताना मधल्या भोकात शंकूसारखा कोन घालून आवळतात. त्यामुळे मशीनवर चाक बरोबर मधोमध फिरतं आणि मशीन सांगतं, सगळं ठीक. ते खोटं बोलत नाही. चाक खरंच बॅलन्स आहे, पण मशीनवर!

तेच चाक गाडीवर आलं की कोन नसतो आणि रिंगही नसते. चाक मधोमध आणायचं काम फक्त चार नटांच्या निमुळत्या टोकांवर येतं. चाक हवेत असताना, हळूहळू, सगळे नट सारखे आवळले तर ते जमूही शकतं. पण दुकानात काय होतं? एक नट लावला, गन मारली, टर्रर्र. चाक स्वतःच्या वजनाने थोडं खाली लटकलेलं असतं आणि पहिला नट त्याला तिथेच पकडून ठेवतो.

समजा चाक फक्त अर्धा मिमी सरकलं. टायरसकट चाकाचं वजन १६ किलो धरा. या अर्ध्या मिमीचा परिणाम रिमच्या कडेला साधारण ४० ग्रॅमचं वजन चिकटवल्यासारखा होतो. बॅलन्सिंगवाला पाच-पाच ग्रॅमचे तुकडे लावत बसतो आणि इथे ४० ग्रॅमची चूक गाडीवर चढवतानाच झालेली असते.

ताशी ९० च्या वेगाला हे चाक सेकंदाला जवळजवळ १३ वेळा फिरतं आणि प्रत्येक फेरीला हबला सुमारे पाच किलोचा हिसका देतं. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून ४० ला तोच हिसका एक किलोच्या आसपास असतो. अंबरनाथच्या ट्रॅफिकमध्ये दोन आठवडे आम्हाला काहीच का कळलं नाही, त्याचं उत्तर हे.

फोनवरून चाकाची थरथर कशी ओळखायची?

आपल्या फोनमध्ये ॲक्सिलरोमीटर असतो. जर्मनीतल्या आखेन शहरातल्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने फायफॉक्स नावाचं मोफत ॲप बनवलंय. त्यात ॲक्सिलरेशन स्पेक्ट्रम हा प्रयोग आहे. कंपन सेकंदाला किती वेळा होतंय ते तो आलेखावर दाखवतो.

आधी चाक किती वेळा फिरतं ते काढा. वेगाला ३.६ ने भागा, आलेल्या आकड्याला टायरच्या घेराने भागा. घेर मीटरमध्ये घ्या. दादाचे टायर १८५/६५ आर १५, घेर जवळजवळ १.९५ मीटर. म्हणजे ८० ला सेकंदाला ११.४ फेऱ्या, ९० ला १२.८.

दादा चालवत होता, मी बाजूच्या सीटवर. फोन पायाशी सपाट ठेवला आणि ८० ला वेग स्थिर धरायला सांगितला. आलेखात ११ च्या थोडं पुढे उंच टोक आलं. ९० ला ते १३ च्या जवळ सरकलं. वेगाबरोबर सरकतंय आणि चाकाच्या फेऱ्यांशी जुळतंय, म्हणजे दोष चाकाकडे. इंजिन २५०० आरपीएमला सेकंदाला ४२ च्या आसपास फिरतं, त्यामुळे त्याचं टोक वेगळं पडतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. हा प्रयोग बाजूला बसलेल्याने करायचा, चालवणाऱ्याने अजिबात नाही. आणि फोन फक्त "चाक" एवढंच सांगतो. चाक बॅलन्स नाही, मधोमध नाही की टायर फुगलाय, हे त्याला कळत नाही. पुढचा अंदाज असा घ्या:

- थरथर स्टेअरिंगमध्ये: बहुतेक पुढची चाकं
- सीटमध्ये किंवा खाली: बहुतेक मागची चाकं
- फक्त ब्रेक दाबल्यावर: आधी ब्रेक डिस्क तपासा
- बॅलन्सिंग करूनही तशीच आणि चाकं बाजारातली: रिंग तपासा

अंबरनाथच्या लेथवर बनली रिंग

आम्ही चाक काढून पाहिलं. मागच्या बाजूला ७३.१ कोरलेलं होतं, रिंग नव्हती. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "अरे भाई, नट टाइट है ना, रिंग की क्या जरूरत?" त्याच्याकडे होती ती ७३.१–६७.१ ची रिंग, म्हणजे क्रेटाच्या हबची. स्विफ्टला ती गळ्यात माळेसारखी लोंबकळली असती.

ऑनलाइन मिळत होती, पण यायला पाच दिवस. दादाला शनिवारी परत पुणे गाठायचं होतं. मग आठवलं, आपण अंबरनाथला राहतो! एमआयडीसीत लेथ मशीनची काय कमी? ओळखीच्या एका टर्नर काकांकडे चाक घेऊन गेलो. त्यांनी आधी व्हर्नियर काढला. मी फोनमधलं मेजर ॲप दाखवलं तर हसले. "बाळा, हा फोन मिलिमीटरला चुकतो. आपल्याला त्याचा दहावा भाग पाहिजे."

ते बरोबरच होतं. इथे फोनचा कॅमेरा चालत नाही, व्हर्नियरच लागतो. त्यांनी भोक आणि हब दोन्ही मोजले, गंज सोडून, दोन-दोन जागी. मग ॲल्युमिनियमच्या चार रिंगा काढून दिल्या. हाताने दाबल्यावर चाकात घट्ट बसतील आणि हबवर न ठोकता सरकतील अशा.

प्लास्टिकच्या रिंगाही मिळतात आणि रोजच्या वापराला चालतात. त्या स्वस्त असतात आणि हबला चिकटत नाहीत. पण घाटात सतत ब्रेक मारून हब तापला तर मऊ पडू शकतात. ॲल्युमिनियम तापाला टिकतं, पण आपल्याकडच्या पावसात लोखंडी हबवर गंजून घट्ट बसतं. म्हणून काकांनी हबवर कॉपर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवायला सांगितला.

बसवायची बरोबर पद्धत

1. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, जॅकवर घ्या. हब आणि त्यामागचा सपाट भाग तारेच्या ब्रशने साफ करा. गंजाचा पापुद्रा राहिला तरी चाक तिरकं बसतं.
2. रिंग चाकाच्या मागच्या बाजूने पूर्ण आत दाबा. बाहेर आलेली कड राहू देऊ नका.
3. चाक हबवर सरकवा. ते नटांशिवाय रिंगवर टेकलं पाहिजे.
4. सगळे नट आधी हातानेच फिरवा. हाताने पाच-सहा आटे गेले नाहीत तर थांबा, नट चुकीचा आहे. मारुतीचा आटा एम १२×१.२५, ह्युंदाईचा एम १२×१.५. पीसीडी सारखा असला तरी नट एकमेकांचे नाहीत. गन मारली की स्टडचे आटे गेलेच.
5. समोरासमोरचे नट पाळीपाळीने, थोडे थोडे आवळा. ग्रीस स्टडला किंवा नटाला लावायचं नाही.
6. गाडी खाली घेऊन शेवटचा जोर टॉर्क रेंचने द्या. आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो.
7. ५० ते १०० किमी झाले की टॉर्क परत तपासा. नवीन चाकाचा रंग नटाखाली दबतो आणि नट सैल पडू शकतो.

सातवा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. काकांनी त्या दिवशी सहज चारही चाकांचे नट बघायला लावले. मागच्या डाव्या चाकाचा एक नट माझ्या हाताने फिरला, पान्याशिवाय! याच गाडीत आम्ही आईला बसवून घाट चढलो होतो. दादा बराच वेळ काही बोलला नाही.

रिंग गाडीचं वजन उचलते का?

नाही. हा गैरसमज खूप आहे. नट चाकाला हबवर दाबून धरतात आणि त्या दाबाने होणाऱ्या घर्षणावर गाडीचं वजन पेललं जातं. रिंगचं काम एवढंच, की नट आवळले जाईपर्यंत चाक मधोमध धरून ठेवायचं. म्हणून रिंग बसवली तरी सैल नट सैलच राहतो. उलट नट कितीही आवळले तरी सरकलेलं चाक मधोमध येत नाही. दोन्ही कामं वेगळी आहेत आणि दोन्ही करावी लागतात.

पंक्चर झालं तर?

स्टेपनी बहुतेक कंपनीचीच लोखंडी असते, ५४.१ भोकाची. अलॉय काढताना रिंग हबवरच अडकून राहिली आणि वरून स्टेपनी चढवली तर ती पूर्ण टेकणारच नाही. नट आवळल्यासारखे वाटतील, पण चाक अधांतरी. म्हणून आधी रिंग काढून डिकीत ठेवा, मग स्टेपनी लावा. अलॉय परत बसवताना पंक्चरवाल्याला आठवण करा, कारण रिंग त्याच्या पाण्याच्या टबाशेजारी राहून जाते.

कायद्याचं थोडं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या तपशिलाला सोडून गाडीत बदल करता येत नाही. दादाने निवडलेलं १८५/६५ आर १५ हे माप स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनीच देते आणि त्याची उंची जुन्या १६५/८० आर १४ शी दोन मिमीच्या आत जुळते. त्यामुळे स्पीडोमीटरही बरोबर राहतो. बॉडीबाहेर येणारी रुंद चाकं घेऊ नका आणि इन्शुरन्स कंपनीला बदल कळवा.

दुकानात जाण्याआधी फोनमध्ये हे लिहून ठेवा

- गाडीचा पीसीडी आणि हबचं माप
- नव्या चाकाचा सेंटर बोअर (चाकाच्या मागे बघा)
- नटाचा आटा आणि नटाच्या बुडाचा आकार, निमुळता की गोल (होंडाचे कंपनीचे नट गोल बुडाचे असतात, बाजारातल्या अलॉयला बहुतेक निमुळते लागतात)
- मॅन्युअलमधला टॉर्कचा आकडा
- रिंग बसवल्यावर चाकाच्या मागच्या बाजूचा फोटो, चारही चाकांचा

शनिवारी आम्ही परत पुण्याला गेलो. टायर तेच, बॅलन्सिंगही तेच, फक्त चार रिंगा नव्या आणि सोळा नट टॉर्क रेंचने आवळलेले. ९० ला फोन परत पायाशी ठेवला. १३ जवळचं ते टोक जवळजवळ सपाट झालं होतं. आई मागे झोपली होती. लोणावळ्याला चहासाठी थांबलो तेव्हा दादा आधी खाली उतरला आणि मागच्या डाव्या चाकाचा तोच नट हाताने फिरवून बघितला. तो हलला नाही, मग आम्ही चहा घेतला.