कचऱ्याच्या पिशवीतली सुई

मधुमेहासाठी दिवसातून दोन वेळा इन्सुलिन घेणाऱ्या आणि प्रत्येक वेळी सुई बदलणाऱ्या माणसाच्या घरातून महिन्याला साठ सुया बाहेर पडतात. इन्सुलिन कसे घ्यायचे, साखर किती असावी, हे आम्ही डॉक्टर समजावून सांगतो. वापरलेल्या सुईचे काय करायचे, हे मात्र रुग्ण क्वचितच विचारतात आणि आम्हीही क्वचितच सांगतो. मग ती सुई भाजीच्या देठांबरोबर काळ्या पिशवीत जाते. सकाळी घंटागाडी येते, पिशवी जाते आणि आपल्यापुरता विषय संपतो.

पण कचऱ्याचा प्रवास तिथे सुरू होतो. ती पिशवी पुढे कोणीतरी हाताने उघडते. कागद, काच, पत्रा, प्लॅस्टिक वेगळे करते. आपल्या शहरांत जो काही पुनर्वापर होतो, त्यातला मोठा भाग अजूनही या हातांवर चालतो. पुण्यात 1993 मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि 2008 पासून ती महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. उकिरड्यावर वाकून वेचणारी बाई दारात येऊन वर्गीकृत कचरा नेणारी कामगार झाली, हा बदल मोठा आहे. पण आपण कचरा वेगळा करून दिला, तरच त्याला अर्थ आहे.

सुई टोचली तर

टोचलेल्या सुईतून प्रामुख्याने तीन विषाणूंची भीती असते. सुई बाधित रुग्णाच्या ताज्या रक्ताची असेल, तर एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन, हिपॅटायटिस ‘सी’ची शंभरात साधारण दोन, पण लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस ‘बी’ होण्याची शक्यता शंभरात सहा ते तीस इतकी असते. हे आकडे रुग्णालयातल्या अपघातांवरून आलेले आहेत. कचऱ्यातल्या जुन्या सुईमुळे एचआयव्हीचा धोका यापेक्षा खूपच कमी असतो. मात्र हिपॅटायटिस ‘बी’चा विषाणू चिवट आहे. तो शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकू शकतो. लोकांना भीती एचआयव्हीची वाटते, पण कचरा हाताळणाऱ्याने खरी धास्ती घ्यावी ती या काविळीची. आणि तिच्यावर उत्तम लस आहे. शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन मात्रा.

सुई किंवा काच लागली, तर जखम दाबून रक्त काढू नये. हळद, चुना, स्पिरिट काही लावू नये. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावे आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधांची गरज वाटली, तर ती शक्यतो दोन तासांत आणि फार तर 72 तासांत सुरू व्हावी लागतात. हिपॅटायटिस ‘बी’ आणि धनुर्वाताचे इंजेक्शनही तेव्हाच ठरते. रोजंदारी बुडेल म्हणून चार दिवसांनी आलेल्या माणसासाठी यातले काही पर्याय संपलेले असतात.

घरात तीन नव्हे, चार डबे

2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग सांगितले. व्यवहारात चौथा भाग महत्त्वाचा ठरतो, तो सॅनिटरी पॅड आणि डायपरचा. उघडे पॅड हाताने उचलावे लागणे हा जंतुसंसर्गाचा प्रश्न आहेच, पण त्याआधी तो माणुसकीचा प्रश्न आहे. पुण्यात ‘स्वच्छ’ने यासाठी ‘रेड डॉट’ मोहीम चालवली: पॅड वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. खर्च शून्य. तो ठिपका पाहून समोरच्या बाईला कळते, की हे पुडके उघडायचे नाही.

सुयांसाठी कपडे धुण्याच्या द्रवाची किंवा तशीच जाड प्लॅस्टिकची झाकणाची बाटली घ्या. पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करा, वर ठळक अक्षरांत ‘सुया’ असे लिहा आणि वेगळी द्या. जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार घरातला असा कचरा वेगळा घेऊन त्याची विल्हेवाट लावण्याची व्यवस्था स्थानिक संस्थेने करायची असते. फुटलेला ग्लास जाड कागदात गुंडाळून खोक्यात घाला आणि वर ‘काच’ लिहा. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, त्या फोडू नका. जुने मोबाइल, चार्जर, बॅटऱ्या सुक्या कचऱ्यातही टाकू नका. त्या ई-कचरा संकलनातच जायला हव्यात. लिथियम बॅटरी दाबली गेली तर कचऱ्याची गाडी पेट घेऊ शकते.

दुकाने, कार्यालये, हॉटेले

दिवसाला 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या आस्थापना आणि सोसायट्यांना 2016 च्या नियमांनी मोठे कचरा उत्पादक मानले. त्यांनी ओला कचरा शक्यतो जागेवरच जिरवावा, अशी अपेक्षा आहे. डॉक्टर म्हणून मला यात उंदीर दिसतो. हॉटेलच्या मागे रात्रभर पडलेले अन्न म्हणजे उंदरांची खानावळ. पावसात उंदरांचे मूत्र साचलेल्या पाण्यात मिसळले, की लेप्टोस्पायरोसिस. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईने तो अनुभव घेतला आहे.

गॅरेजमागचे टायर, भंगाराच्या दुकानावरचे डबे ही डेंग्यूच्या एडिस डासाची घरे. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात आणि अंडी कोरड्या टायरमध्येही काही महिने तग धरतात. म्हणून पावसाळ्यात भंगार ‘उद्या उचलू’ म्हणणे महागात पडते. आणि जाळणे हा तर उपायच नव्हे. तांब्यासाठी वायर जाळली, की तिच्यावरच्या पीव्हीसीतून डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निघतात. तो धूर आधी जाळणाऱ्याच्या आणि मग शेजारच्या मुलांच्या फुप्फुसात जातो.

राडारोडा आणि धूळ

घराची दुरुस्ती काढली की जुनी फरशी फुटते, भिंती पडतात, ग्राइंडर फिरतो. विटा, वाळू, काँक्रीट, ग्रॅनाइट या सगळ्यांत सिलिका असते. तिचे सर्वांत घातक कण चार मायक्रॉनहून बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंधराव्या भागाहूनही लहान. ते नाकात अडत नाहीत, खोकल्याने निघत नाहीत. फुप्फुसात व्रण करून बसतात. हा सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध नाही, आणि सिलिकोसिस झालेल्याला क्षयरोग होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. 1997 मध्ये स्फटिकी सिलिकाचा समावेश कर्करोगकारक पदार्थांत झाला. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम क्वार्ट्‌झमध्ये सिलिका 90 टक्क्यांहून जास्त असू शकते. कारागिरांच्या आजारपणामुळे ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्या दगडावर बंदी घातली.

उपाय साधा आहे, तो म्हणजे पाणी. कापताना धार सोडली, फोडण्याआधी भिंत भिजवली, झाडण्याऐवजी ओले पुसले, तर हवेतली धूळ खूप कमी होते. तोंडावर बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही. एन-95 दर्जाचा मास्क लागतो. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरा. ते फोडू नका, ओले करून अखंड उतरवा. त्या तंतूंमुळे होणारा कर्करोग वीस-चाळीस वर्षांनीही उद्‌भवतो.

उरलेला राडारोडा नाल्याकाठी रिकामा करू नका. नाला तुंबला, की पाणी वस्तीत शिरते. 2016 च्या बांधकाम कचरा नियमांनी दिवसाला 20 टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला 300 टनांहून जास्त राडारोडा निघत असल्यास काँक्रीट, माती, विटा-चुना आणि लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक असे चार भाग वेगळे ठेवून व्यवस्थापन आराखडा देणे बंधनकारक केले होते. छोट्या कामांसाठी मुंबईत ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. पुण्याजवळ वाघोलीला प्रक्रिया प्रकल्प आहे. दळलेल्या राडारोड्यातून पेव्हर ब्लॉक होतात. खडीच्या भारतीय मानकानेही साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत पुनर्प्रक्रिया केलेली खडी चालते असे सांगितले आहे. दुरुस्तीचा करार करतानाच राडारोडा कुठे जाणार, हे ठेकेदाराकडून लिहून घ्या आणि वाहतुकीची पावती मागा.

घरात इन्सुलिन चालू असेल, तर सुयांची बाटली आजच ठेवा. दारात कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना हिपॅटायटिस ‘बी’ची लस घेतली आहे का, हेही विचारा. घेतली नसेल, तर तीन मात्रांचा खर्च सोसायटीला जड नाही.