येत्या आठवड्याचे जागतिक पंचांग



रविवारच्या वृत्तपत्रात व्यापारविषयक पानावर एक लहानसे सदर येत असते. येत्या सोमवारपासून शुक्रवारपर्यंत कोणत्या देशाचे कोणते आकडे प्रसिद्ध व्हावयाचे आहेत आणि कोणत्या मध्यवर्ती बँकेची बैठक भरावयाची आहे, ह्याची ती यादी होय. बहुतेक घरांत हे पान न उलगडताच रद्दीत जाते. हा मुंबईच्या दलालांचा विषय, आपणांस त्याचे काय, अशी समजूत त्यामागे असते. मी राहतो ते आंधळगाव भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यात, कोसा विणणाऱ्या कोष्ट्यांचे आणि धानाच्या शेतीचे. येथून पाहिले तरी त्या यादीचे धागे दिसतात. ते कसे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

ह्या यादीलाही पंचांगासारखे नेम आहेत. महिना सरता सरता चीनचे सरकारी खाते तेथील कारखान्यांच्या खरेदी-व्यवस्थापकांस विचारून एक निर्देशांक काढते. तो 50 च्या वर असला तर काम वाढते आहे, खाली असला तर मंदावते आहे, असे समजावयाचे. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, क्वचित पुढेमागे, अमेरिकेतील रोजगाराचे आकडे येतात. तेथे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात, आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा व हिवाळ्यात सात. आपल्या देशातील महागाईचा आकडा दरमहा 12 तारखेच्या सुमारास निघतो. रिझर्व्ह बँकेची सहा सभासदांची पतधोरण समिती साधारणतः दर दोन महिन्यांनी बसते आणि अमेरिकेची फेडरल रिझर्व्ह वर्षातून आठ वेळा. ह्यांपैकी जी तिथी त्या आठवड्यात पडेल तिच्याकडे बाजाराचे डोळे लागलेले असतात.

आता ह्यातील मर्म पाहू. आकडा चांगला म्हणून बाजार चढतो आणि वाईट म्हणून पडतो, ही समजूत अपुरी आहे. शाळेत निकालाच्या दिवशी मी प्रतिवर्षी एक गोष्ट पाहिली. ज्याला नव्वद गुणांची खात्री होती तो ऐंशी मिळाले म्हणून तोंड पाडून बसे आणि नापास होण्याच्या भीतीने आलेला मुलगा पन्नास मिळाले म्हणून उड्या मारी. बाजाराचे तसेच आहे. अर्थशास्त्रज्ञांचे अंदाज आधीच प्रसिद्ध झालेले असतात व भाव त्यांस धरूनच ठरलेले असतात. म्हणून यादीतील अंदाजाचा रकाना हा आकड्याइतकाच महत्त्वाचा. भाव हलतात ते दोहोंमधील अंतरामुळे. त्यात आणखी एक उलटापालट अशी की, रोजगाराचा आकडा वाईट आला तरी कधी कधी बाजार वधारतो. कारण आता व्याजाचा दर उतरेल, अशी आशा वाटू लागते. सोन्याचेही बरेचसे असेच. सोने व्याज देत नाही. सबब अमेरिकेतील व्याज उतरण्याचा रंग दिसला की त्याची मागणी वाढते आणि भंडाऱ्याच्या सराफाकडचा भाव चढतो. त्यात रुपया-डॉलरचा दर आणि आयातकर ह्यांची भर पडते. हा कर 2024 च्या जुलैमध्ये 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आला, तेव्हा जगात फारसे काही न घडताही आपल्याकडील भाव एकदम उतरला.

एका आठवड्याचेच उदाहरण घेऊ. 31 जुलै 2024 रोजी जपानच्या मध्यवर्ती बँकेने आपला दर वाढवून पाव टक्का केला. पाव टक्का तो काय! परंतु अनेक वर्षे जगातील मोठे सटोडिये जपानात जवळजवळ फुकट कर्ज काढून ते अमेरिकेत व इतरत्र गुंतवीत होते. येन महागू लागताच त्या कर्जाची फेड जड होऊ लागली. दोन दिवसांनी, शुक्रवारी, अमेरिकेचे आकडे आले. सुमारे पावणेदोन लाख नव्या नोकऱ्यांचा अंदाज होता. निघाल्या 1,14,000, आणि बेकारी 4.3 टक्क्यांवर गेली. कर्जदारांनी हाती लागेल ते विकून पैसा उभा करण्यास आरंभ केला. सोमवार, 5 ऑगस्ट रोजी टोकियोचा निक्केई निर्देशांक 12 टक्क्यांहून अधिक कोसळला. 1987 नंतर एका दिवसात इतकी घसरण झाली नव्हती. मुंबईचा सेन्सेक्स 2,222 अंकांनी खाली आला. मुंबईत त्या दिवशी काही बिघडले नव्हते; परक्यांस रोकड हवी होती, इतकेच.

तो श्रावणातला पहिला सोमवार होता. माझा एक जुना विद्यार्थी, हातमागावर बसणारा, संध्याकाळी घरी आला. मुलीच्या लग्नासाठी साठविलेली रक्कम त्याने शेअरांच्या फंडात घातली होती. "गुरुजी, उद्या काढून घेऊ का?" एवढेच त्याने विचारले. लग्न केव्हा, असे मी विचारले. तो म्हणाला, मार्गशीर्षात. तेव्हा मी त्यास सांगितले की, चार महिन्यांत लागणारा पैसा तेथे असावयासच नको होता आणि तो तेथून हलविलाच पाहिजे. मात्र ज्या दिवशी सारे जग धावत सुटले आहे, तो दिवस त्यासाठी निवडू नकोस. तो आठवडाभर थांबला. मंगळवारी निक्केई 10 टक्क्यांनी वर आला होता. गुरुवारी रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहा टक्क्यांवरच ठेवला आणि त्याच्या हातमागाच्या कर्जाचा हप्ता होता तेवढाच राहिला.

आमच्या शेजारच्या तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मॉईल ह्या सरकारी कंपनीच्या मँगनीजच्या खाणी आहेत. हे खनिज बहुतांशी पोलादात जाते आणि जगातील निम्म्याहून अधिक पोलाद एकटा चीन करतो. म्हणून महिनाअखेरचा तो चिनी निर्देशांक चिखल्याच्या खाणमजुराच्याही उपयोगाचा आहे, जरी त्याने त्याचे नाव ऐकले नसले तरी. परंतु सर्वच गोष्टी यादीत छापून येत नाहीत. 2024 च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियातील ग्रूट आयलंड बेटावर चक्रीवादळ झाले, मँगनीज जहाजांवर चढविण्याचा धक्का मोडला आणि तेथील निर्यात थांबली. दोन-तीन महिन्यांत जगभर मँगनीज कडाडले. मॉईलनेही आपले दर वाढविले. ते वादळ कोणत्याही रविवारच्या यादीत नव्हते.

आणि जे आकडे यादीत असतात तेही दगडावरची रेघ नव्हेत. अमेरिकेचे खाते प्रत्येक महिन्याचा रोजगाराचा आकडा पुढील दोन महिन्यांत फिरून तपासते, कारण सर्व कारखान्यांची व दुकानांची उत्तरे वेळेवर येत नाहीत. ज्या 1,14,000 ने टोकियो हादरले तो आकडा सप्टेंबरच्या आरंभी 89,000 झाला आणि ऑक्टोबरच्या आरंभी 1,44,000. जुलै महिना तोच आणि नोकऱ्याही त्याच. ऑक्टोबरातील दुरुस्तीची बातमी मी वृत्तपत्रात मुद्दाम शोधली. ती आतल्या पानावर, चार ओळींत होती.