लिव्हरभाऊ, स्माइल प्लीज!

कोलेस्टेरॉल म्हटलं की पहिला आरोपी वडापाव! पण माहीत आहे का? काहींचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उपासतापास करूनही आभाळाला भिडलेलं असतं. वारशात शेत नाही, बंगला नाही, थेट बिघडलेला जीन! आजाराचं नाव फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया. साधारण 250 जणांमागे एकाला.

हमाल संपावर!
लिव्हरच्या पेशींवर रिसेप्टर नावाचे हमाल असतात. रक्तातलं एलडीएल उचलायचं आणि आत टाकायचं, एवढंच काम. जीन बिघडला की हमाल गायब, माल रस्त्यावर! हे कोडं सोडवणाऱ्या ब्राऊन-गोल्डस्टीन या शास्त्रज्ञ जोडीने 1985 चं नोबेल पटकावलं.

मोनालिसाचं लिपिड प्रोफाइल?
तिच्या डाव्या डोळ्याजवळचा पिवळसर डाग म्हणजे साठलेलं कोलेस्टेरॉल असावं, अशी शंका 2004 मध्ये डॉक्टरांनीच काढली. हास्य गूढ, रिपोर्ट त्याहून गूढ!

ससा, तोही हाय कोलेस्टेरॉलवाला
1973 मध्ये जपानच्या कोबे इथे संशोधक वातानाबे यांना असा एक ससा सापडला. त्याच्या वंशजांवर 1991 मध्ये जीन थेरपी जमली आणि 1992 मध्ये अमेरिकेत पाळी आली माणसाची. हाच आजार असलेल्या 29 वर्षांच्या एका महिलेच्या लिव्हरचा तुकडा काढला, त्यातल्या पेशींत व्हायरसकरवी चांगला जीन घातला आणि पेशी परत पाठवल्या. एलडीएल उतरलं! पण जीन मुक्कामी पोचला का, हे बघायला पुन्हा लिव्हरचा नमुना काढावा लागला. आई गं!

मग कापाकापी न करता?
पाठवा रिपोर्टर! औषधी जीनसोबत ‘रिपोर्टर जीन’ धाडायचा. तो आतून लाइव्ह बातमी देतो. उंदरांत हे काम चक्क काजव्याचा जीन करतो. उंदीर चमकतो, कॅमेरा टिपतो! माणसात मात्र हा उजेड बाहेर येईपर्यंत मावळतो.

लिव्हर झालं थायरॉइड!
आयोडीन ओढून घेणारा थायरॉइडचा जीन 1996 मध्ये हाती लागला. तो रिपोर्टर म्हणून लिव्हरला दिला की लिव्हरही आयोडीन ओढतं, आणि ते किरणोत्सारी असेल तर कॅमेऱ्यात दिसतं. त्याऐवजी टेक्नेशियमही चालतं, 1937 मध्ये गवसलेलं पहिलं मानवनिर्मित मूलद्रव्य! स्कॅनसाठी वापरतात त्या प्रकाराचा किरणोत्सार दर 6 तासांनी निम्मा होतो. गॅमा कॅमेऱ्याला तेवढा वेळ पुरतो.

व्हिलन झाला फोटोग्राफर
ओठांवर फोड आणणारा हर्पिस आठवतोय? त्याचा एक जीन पेशीत शिरला की खास ट्रेसर, म्हणजे किरणोत्सारी खूण, तिथेच अडकतो आणि पीईटी स्कॅनमध्ये ठिपका लखलखतो. या तंत्राचे एक बिनीचे शिलेदार संजीव गंभीर, जन्म अंबाल्याचा! स्पेनमध्ये पाम्पलोनाला लिव्हर कॅन्सरच्या रुग्णांत हा ठिपका प्रत्यक्ष दिसला. अहवाल आला 2005 मध्ये. हो, बैलांपुढे धावणाऱ्यांचंच ते पाम्पलोना!

एक अक्षर, बस्स!
2022 मध्ये न्यूझीलंडमध्ये एका रुग्णाला सलाइनसारखं औषध चढवलं. काम काय? नवा जीन घालायचा नाही, लिव्हरमधल्या पीसीएसके9 जीनचं फक्त एक अक्षर बदलायचं. स्पेलिंग मिस्टेक मुद्दाम, कारण हा जीन हमालांनाच कामावरून काढतो!

फोटो सांगतो जीन कुठे पोचला. एलडीएल किती उतरलं ते मात्र रक्तच सांगतं. तेव्हा लिव्हरभाऊंचं फोटोसेशन संपलं असेल, तर बाही वर करा. सुई काही चुकत नाही!