दोन खड्ड्यांचा संडास

फैजपूरजवळच्या एका केळीच्या मळ्यात संडासाचा खड्डा उपसताना पाहिला. फरशी सरकवली तेव्हा मी नकळत श्वास रोखला. पण वर आला तो पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास. फावड्यावर काळपट, भुसभुशीत खत होतं. मुठीत दाबलं की गोळा व्हायचा, बोटानं टोचलं की फुटायचा. घमेली भरत होते मळ्याचे मालक स्वतः.

अशा संडासाला दोन खड्डे असतात. एक भरला की चेंबरमध्ये त्याचं तोंड बंद करून मैला दुसऱ्यात सोडायचा. विटा जाळीदार रचलेल्या आणि तळ मातीचा, त्यामुळे पाणी मुरतं. उरलेलं जिवाणू कुजवतात. जंतांची अंडी सगळ्यात चिवट, म्हणून बंद खड्ड्याला दीड-दोन वर्षं हात लावायचा नाही. विहिरीपासून खड्डा लांब हवा. काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरतं, तिथं भोवती वाळूचा थर द्यावा लागतो.

माणसाच्या शरीरातून वर्षाला चारेक किलो नत्र बाहेर पडतं, पण त्यातलं बहुतेक लघवीतून मुरून जातं. त्यामुळे एवढ्यावर केळीची भूक भागत नाही; जमिनीचा पोत मात्र सुधारतो.

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन फैजपूरलाच भरलं. तिथली सफाई गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांच्या देखरेखीखाली स्वयंसेवकांनी केली. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी सोनखताचे आणि संडासांचे प्रयोग केले. खत हवंच होतं, पण त्याहून मोठी तळमळ होती ती पिढ्यान्‌पिढ्या मैला वाहायला लावलेल्या माणसांच्या सुटकेची.

आज अनेक घरांना सेप्टिक टँक आहेत. त्यांचं पाणी बऱ्याचदा गटारातून नाल्यात जातं आणि गाळ उपसायला कित्येकदा माणूस उतरवला जातो. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय माणूस असा उतरवायला बंदी घातली, तरी टाकीत गुदमरून माणसं मरतातच. दाट वस्तीच्या शहराला सांडपाणी शुद्धीकरण केंद्र लागणारच. नागपुरात भांडेवाडीच्या अशा केंद्रात शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. पण फैजपूरच्या भागातल्या यावल-रावेरच्या खेड्यांत, मळ्यांत जागा आहे. घर बांधताना दुसऱ्या खड्ड्याचा खर्च टाळू नये. मैल्याला कुजायला वेळ मिळाला, की तो उपसणं हे शेतातल्या इतर कामांसारखंच काम होतं आणि ते घरच्या माणसानं करावं.