चंद्राचे दफ्तर

२० मे २०२५ रोजी डॉ. जयंत नारळीकर पुण्यात निवर्तले, आणि १९३८ साली त्यांचा जन्म आपल्याच गावी झाला होता याचे स्मरण कोल्हापुराला एकाएकी झाले. त्यानंतर जी भाषणे कानी पडली आणि जे लेख वाचनात आले, त्यांत फ्रेड हॉईल यांच्यासमवेत मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त होता, विज्ञानकथा होत्या, फलज्योतिषाशी मांडलेला दावा होता. परंतु ज्या कार्यामुळे तालुक्याच्या गावी पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माझ्यासारख्या मास्तरावर त्यांचे ऋण चढले, त्याचा उल्लेख झालाच तर ओझरता झाला. १९८८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आश्रयाने पुण्यात ‘आयुका’ स्थापन करताना नारळीकरांनी असा आग्रह धरला होता, की देशभरच्या विद्यापीठांत एकाकी पडलेल्या अध्यापकाला ग्रंथ, संगणक, वेधांचा डेटा आणि अडले असता विचारण्याजोगा जाणता मनुष्य, हे सारे एका छपराखाली मिळावे, व सुटीत तेथे येऊन राहण्याचा त्याला हक्क असावा. पुढे चंद्र-मंगळाचा डेटा आपल्या दारी आला तेव्हा यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी, म्हणजे जाणता मनुष्य आणि सुटी, आपण हळूहळू जमाखर्चातून वजा केल्या, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा डेटा येण्याआधीच्या वर्षांविषयी लिहिण्याजोगे थोडेच. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे रडार उच्च वातावरणातील वाऱ्यांचा वेध घेत असे, रात्रीच्या आकाशातील क्षीण दीप्ती मोजणारी यंत्रेही तेथे होती. पण ग्रह म्हणजे आमच्या लेखी पंचांगातील, फार तर दुर्बिणीतील वस्तू. आमचे भूगर्भशास्त्राचे सहकारी विद्यार्थ्यांना पन्हाळ्याचा जांभा आणि जोतिबाच्या डोंगराचा काळा पाषाण दाखवून आणीत, लोणारलाही नेत; तेथील विवर बेसाल्टमध्ये कोरले गेले असल्यामुळे चंद्रावरील विवरांचा तो भाऊबंद आहे हे वर्गात सांगितले जाई, आणि परीक्षेत विचारले जात नसल्यामुळे विसरलेही जाई.

२२ ऑक्टोबर २००८ रोजी चांद्रयान-१ निघाले, त्या दिवसापासून पुढची दहा वर्षे मात्र मी अक्षरशः जगलो. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने ‘प्लॅनेक्स’ या नावाने ग्रहविज्ञानाचे वर्ग अगोदरपासूनच चालवले होते. अशाच धर्तीच्या एका वर्गात, मिसरूड फुटलेल्या मुलांच्या रांगेत बसून, मीही चंद्राचा डेटा उघडायला शिकलो. यानावरील अकरा उपकरणांपैकी ‘मून मिनरॉलॉजी मॅपर’ हे नासाचे उपकरण चंद्रावरून परावर्तित होणारा प्रकाश नेहमीच्या पद्धतीत ८५ पट्ट्यांत विभागून नोंदवी. कोल्हापूरच्या पुरालेखागारात मोडी कागदांचा रुमाल पहिल्याने सोडणाऱ्याची जी गत होते, तीच त्या फायली उघडताना आमची झाली: अक्षर समोर, अर्थ नाही. प्रत्येक प्रतिमेसोबत एक लेबल असते आणि ते आधी वाचावे; त्यात सूर्य किती तिरपा होता ते पाहावे, कारण सावलीचा काळोख आणि खनिजाचा काळोख निराळा; दोन मायक्रॉनच्या पलीकडे उन्हाने तापलेली चंद्रभूमी स्वतःच उष्णता प्रारित करते, ती वजा केल्याविना पाण्याच्या खुणेविषयी चकार शब्द काढू नये; आणि यानाचे तारकासंवेदक निकामी झाल्यावर, मे २००९ मध्ये कक्षा शंभरावरून दोनशे किलोमीटरवर नेल्यानंतरच्या प्रतिमांत कोणता ठिपका नेमका कोठला हे पुन्हा पडताळून घ्यावे. हे पुस्तकात होते, तरी शेजारच्या खुर्चीवरील तरुण शास्त्रज्ञाने माझी चूक दाखवून हसत हसत तीच फाईल पुन्हा उघडायला लावली, तेव्हाच ते माझ्या बोटांत उतरले.

गावी परतल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. भारनियमनाचे ते दिवस. रात्री उतरवायला लावलेली फाईल पहाटे वीज जाताच अर्धवट राही आणि सकाळी पुनश्च हरिओम. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची ‘आयसिस’ ही आज्ञावली फुकट होती, पण ती लिनक्सवर चाले आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सगळीकडे विंडोज. ते बदलण्यासाठी केलेला अर्ज एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत राहिला, आणि मंजुरी आली तोवर विद्यार्थ्यांची ती तुकडी पदवी घेऊन गेली होती. तरीही सप्टेंबर २००९ मध्ये कार्ले पीटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चंद्रभूमीवर पाण्याच्या व हायड्रॉक्सिलच्या खुणा सापडल्याचे जाहीर केले, आणि पुढे तोच डेटा नासाच्या ग्रहीय दफ्तरात सर्वांस खुला झाला, तेव्हा खेड्यातल्या मुलांनी स्वतः काढलेला आलेख तीन मायक्रॉनच्या अलीकडे खाली वाकताना पाहिला. शोध लागून गेला होता हे खरे. पण तो पडताळून पाहण्याचा अधिकार त्यांना मिळाला होता, आणि विज्ञानात हा अधिकार लहान नव्हे.

याच सुमारास, २०१० साली, आयोगाने अध्यापकाच्या बढतीसाठी गुणांकनाचे कोष्टक जारी केले, आणि कार्यशाळा या संस्थेचा आत्माच त्या कोष्टकाने गिळला. ज्या वर्गाला पूर्वी चाळीस जण येत आणि संगणकासाठी भांडत, त्याला आता दुप्पट येऊ लागले आणि प्रमाणपत्रासाठी भांडू लागले. दुपारच्या चहानंतर खुर्च्या ओस पडत. आयोजकाला हजेरीपत्रक हवे असे, उपस्थिताला गुण हवे असत, दोघांचाही मतलब साधे, आणि चंद्र अस्पर्श राही. हे फर्मान काढणारांनी स्वतः कधी एक तरी लेबल उघडले असेल काय, असा प्रश्न माझ्या मनात तेव्हा आला होता. तो मी आजही मागे घेत नाही.

खगोलशास्त्राचे नशीब त्या मानाने बलवत्तर. ‘आयुका’ने पुण्याच्याच पर्सिस्टंट कंपनीच्या साहाय्याने आकाशस्थ वस्तूंचे तक्ते पाहण्याची साधने घडवली होती, २०१५ साली ॲस्ट्रोसॅट ही वेधशाळा अवकाशात गेल्यावर त्याचा डेटा वापरणारांसाठी साहाय्यकक्षही तेथे निघाला, त्याने गावोगावच्या अध्यापकांना हाताशी धरून शिकवले. मंगळयानाची पाच उपकरणे २०१४ पासून आठ वर्षे मंगळाभोवती फिरली, पण त्यांच्या डेटासाठी हाकेच्या अंतरावर तसा कक्ष महाराष्ट्रात मला मिळाला नाही; बंगळूरनजीकच्या ब्यालालू येथील केंद्रात नोंदणी करावी, फाईल उतरवावी आणि पुढे आपले दैव. २०१८ साली शुआई ली यांनी चांद्रयान-१ वरील त्याच जुन्या डेटातून ध्रुवांवरील बर्फाचा थेट पुरावा हवाई बेटांवर बसून काढला, आणि २०१९ च्या अखेरीस षण्मुग सुब्रमण्यन या चेन्नईच्या अभियंत्याने अमेरिकी यानाच्या खुल्या प्रतिमांत चांद्रयान-२ च्या कोसळलेल्या विक्रम या अवतरकाचे अवशेष हुडकले. पहिल्या वार्तेने मला मत्सर वाटला, दुसरीने अभिमान. कारण त्या गृहस्थांपाशी ना पीठ होते ना प्रमाणपत्र, रात्रीमागून रात्री उशिरापर्यंत दोन प्रतिमा शेजारी ठेवून बघण्याची चिकाटी तेवढी होती.

आता सगळे काही सुलभ झाले आहे, असे मला वारंवार सांगण्यात येते. डिसेंबर २०२० पासून चांद्रयान-२ चा डेटा खुला आहे, त्यात एकेक ठिपका जमिनीवरच्या पाव मीटरएवढा असलेल्या प्रतिमा आहेत. २३ ऑगस्ट २०२४ रोजी, पहिल्या राष्ट्रीय अंतराळ दिनी, चांद्रयान-३ चा सुमारे ५५ गिगाबाइट ऐवजही जाहीर झाला, आणि आमच्या काळी रात्रभर अडणारी फाईल आज भ्रमणध्वनीवर सुद्धा उतरते. दर अंतराळ दिनी शाळा-महाविद्यालयांत रांगोळ्या निघतात, यानाच्या प्रतिकृती मिरवतात, दूरस्थ व्याख्यानाला शेकडो नावे नोंदवली जातात आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येकाच्या पत्त्यावर प्रमाणपत्र पोहोचते.

माझा एक जुना विद्यार्थी, ज्याने भारनियमनाच्या काळात माझ्यासोबत लिनक्स चढवले होते, आज दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवतो. कायम जागा भरण्याची जाहिरात निघेल या आशेवर त्याने चाळिशी गाठली. दक्षिण ध्रुवाजवळच्या एका विवराच्या प्रतिमा त्याने संगणकात उतरवून ठेवल्या आहेत, आणि त्यांवर काय करायचे हेही त्याला पक्के ठाऊक आहे. पण तासिकेच्या मानधनात मे महिना धरलेला नसतो. ज्या सुटीत आम्ही वळकटी बांधून पुण्याला जात असू, त्या सुटीत तो कोल्हापुरातल्या एका शिकवणीवर्गात सकाळी सात ते दुपारी दोन प्रवेशपरीक्षेचे पदार्थविज्ञान शिकवतो.