24 व्होल्टच्या ट्रकात 12 व्होल्टचा डेक: एका बॅटरीवरून वायर ओढाल तर दोन्ही बसतील

धार/देवास : धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला ट्रक तयार होतात आणि देवास, इंदूरकडून मानपूर, खलघाट, सेंधवा करत धुळ्याकडे उतरणाऱ्या आग्रा-मुंबई रस्त्यावर ते रात्रंदिवस धावतात. रात्रीच्या फेरीला ड्रायव्हरला गाण्यांची सोबत लागतेच. पण बाजारातले बहुतेक डेक मोटारीसाठी, म्हणजे 12 व्होल्टचे असतात आणि मोठ्या डिझेल ट्रक-बसची वायरिंग असते 24 व्होल्टची. थेट जोडला तर डेक जळतो. म्हणून सोपा मार्ग काढला जातो: दोनपैकी एका बॅटरीवरून वायर ओढायची. खरं नुकसान तिथूनच सुरू होतं.

24 व्होल्ट कशासाठी?

मोठं डिझेल इंजिन फिरवायला स्टार्टरला भरपूर ताकद लागते. व्होल्टेज दुप्पट केलं की तेवढ्याच ताकदीला करंट निम्मा पुरतो. म्हणून 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडतात. मात्र दोन बॅटऱ्या दिसल्या म्हणजे 24 व्होल्टच, असं नाही; काही गाड्यांत त्या समांतर जोडलेल्या असतात. लहान टेम्पो, पिकअप साधारणपणे 12 व्होल्टचेच. आधी मीटर लावून बघा.

एका बॅटरीवरून घेतलं तर?

इंजिन चालू असताना अल्टरनेटर दोन्ही बॅटऱ्यांना मिळून सुमारे 28 व्होल्ट देतो, म्हणजे प्रत्येकीला 14. डेक एकाच बॅटरीतून खातो, त्यामुळे ती मागे राहते. समजा तिच्यावर 13 व्होल्टच राहिले, तर दुसरीवर 15 येतात. अल्टरनेटरला फक्त बेरीज दिसते, वाटणी दिसत नाही. परिणाम असा की एक बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन तिचं पाणी आटतं. काही महिन्यांत दोन्ही बसतात आणि पहाटे सेल्फ मारला की नुसतं टक्-टक्!

वरच्या, म्हणजे बॉडीला अर्थ नसलेल्या बॅटरीवरून घेतलं तर धोका आणखी मोठा. डेकचा पत्रा किंवा अँटेनाची वायर बॉडीला लागली की खालची बॅटरी सरळ शॉर्ट होते. वायर तापून केबिनला आग लागू शकते.

मग उपाय काय?

24 चे 12 व्होल्ट करणारा कन्व्हर्टर. तो दोन्ही बॅटऱ्यांवर सारखा भार टाकतो. घेताना एवढं बघा:

- डेकच्या मागचा फ्यूज 10 अँपिअरचा असेल, तर कन्व्हर्टर सतत 10 अँपिअर देणारा हवा. खोक्यावरचा ‘कमाल’ आकडा धरू नका. अॅम्प्लिफायर असेल तर त्याचा हिशेब वेगळा.
- स्विचिंग प्रकारचा घ्या. जुन्या पद्धतीचा साधा रिड्यूसर जवळपास निम्मी वीज उष्णतेत घालवतो. रेझिस्टन्स लावून व्होल्टेज उतरवणं तर नकोच. आवाज कमी-जास्त झाला की व्होल्टेजही हलतं.
- 24 व्होल्टच्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज लावा.
- डेकची लाल वायर चावीवर, पिवळी मेमरीसाठी आणि काळी अर्थला, ही नेहमीची पद्धत. तरी डेकवरचा नकाशा बघूनच जोडा. गाडी बंद असतानाही कन्व्हर्टर थोडा करंट खातो. माल भरायला ट्रक चार-चार दिवस उभा राहत असेल, तर तो चावीवरच बंद होऊ द्या. स्टेशनं जपायची असतील तर मेमरीची वेगळी लाइन असलेला कन्व्हर्टर घ्या.
- रेडिओत खरखर आली तर कन्व्हर्टर अँटेनापासून लांब बसवा आणि अर्थ घट्ट करा. मीडियम वेव्हवर हा त्रास जास्त जाणवतो.

मोबाइल चार्जरवर ‘12/24’ लिहिलेलं असेल, तर त्याला कन्व्हर्टर लागत नाही. काही डेकही 24 व्होल्टचेच मिळतात. ते घेतले तर ही सगळी खटपटच वाचते. गाडी वॉरंटीत असेल, तर वायरिंगला हात लावण्याआधी डीलरला विचारून घ्या. आणि एका बॅटरीवरून वायर आधीच ओढलेली असेल, तर ती आजच काढा. कन्व्हर्टरचा खर्च एकदाच होतो, बॅटऱ्यांची जोडी मात्र पुन्हा पुन्हा घ्यावी लागते.