तू थांबू नगंस, मी वळवून घेतो

आमचं गाव आंबेगाव तालुक्यातलं. यात्रेचा तमाशा ठरवायचा म्हणजे पंचमंडळी जीप करून नारायणगाव गाठायची. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथं फडांच्या राहुट्या लागतात. आत एक टेबल, तारखांची वही आणि तासन्‌तास चालणारी घासाघीस. वडील यात्रा कमिटीत होते, म्हणून एका वर्षी मीही त्या जीपमध्ये बसलो आणि यात्रेच्या रात्री कलाकारांना चहा पोचवायचं काम माझ्याकडं आलं. कनातीच्या आत जायला मिळालं ते असं.

आत पेट्यांवर लहान पोरं झोपली होती. बांबूला आरसा बांधलेला. त्याच्याखाली आठ-नऊ वर्षांची एक मुलगी बसली होती, त्या रात्री पहिल्यांदाच गवळणीत उभी राहणारी. चाळ मोठ्या बाईचे होते, तिच्या पायात ढिले पडत होते. आई पायाला फडक्याचे वेढे देऊन त्यावर चाळ आवळत होती. मुलगी मधेच उठून कनातीच्या फटीतून बाहेर बघायची आणि रडवेली होऊन परत यायची. अख्खं माळरान माणसांनी भरलेलं.

ढोलकी लावत बसलेले म्हातारबाबा तिच्याकडं न बघताच म्हणाले, "माणसं मोजू नगं. माझ्या थापंवर कान ठेव. चुकलीस तरी तू थांबू नगंस, मी वळवून घेतो."

ती चुकली. दुसऱ्या गिरकीला पाय आधी पडला. मी कनातीला चिकटून उभा होतो, म्हणून मला दिसलं: म्हाताऱ्यानं डोळे तिच्या पायांवर रोखले, एक तुकडा वाढवला आणि पोरीला समेवर आणून सोडलं. समोरच्या गर्दीला पत्ताही लागला नाही. आत आल्यावर त्यांनी तिला शाबासकी दिली नाही. म्हणाले, "दुसऱ्या गिरकीला घाई केलीस. हात मात्र साफ हुता." पोरगी चाळ सोडता सोडता आईला विचारत होती, उद्या कुठलं गाव?

पुढं मी जुन्नर तालुक्यात शिक्षक झालो. मुलांचा आत्मविश्वास वाढवण्यावर पुष्कळ भाषणं ऐकली, पण वर्गात उपयोगी पडली ती त्या म्हाताऱ्याची रीत. घाटघर भागातला एक मुलगा धडा वाचताना अडायचा आणि गप्प व्हायचा. मी त्याच्या शेजारी उभा राहून त्याच्याच वेगानं हळू आवाजात वाचू लागलो. तो अडला की मीही रेंगाळायचो. काही आठवड्यांनी मी मधेच आवाज बंद केला. तो वाचत राहिला. त्याच पोरानं पुढं बाळहिरडा कधी तोडायचा, कसा वाळवायचा, हे सगळ्या वर्गाला उभं राहून सांगितलं. त्या दिवशी मीही ऐकणाऱ्यांत बसलो होतो.

नारायणगावात मोठ्या झालेल्या कुठल्याही मुलाला तमाशातल्या विठाबाईंचा किस्सा ठाऊक असतो. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, जन्म 1935. भाऊ-बापू या वडील-चुलत्यांचा फड घरचाच. शाळेत त्या चमकल्या नाहीत, बोर्डावर मात्र लहानपणापासून लखलखल्या. 1957 आणि 1990 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, कळा आल्या, कनातीमागं बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर जायला निघाल्या. आपण किस्सा इथंच संपवतो आणि मुलांना म्हणतो, बघा, जिद्द असावी तर अशी.

पण जुनी माणसं पुढचंही सांगतात. मघाशी दिसणारं पोट आता नाही, हे लोकांच्या ध्यानात आलं. विचारपूस झाली. कळल्यावर प्रेक्षकांनीच मानानं खेळ थांबवला आणि बाईंना विश्रांती घ्यायला लावली. पैसे मोजून आलेली माणसं होती ती.

हा भाग गाळला की मुलांच्या हाती फक्त रक्त आटवणं उरतं, आणि ते मला अजिबात मान्य नाही. दसऱ्यापासून वैशाखापर्यंत ट्रकमधून फिरणाऱ्या फडातल्या किती मुलांची शाळा सुटते, हे नारायणगावला सांगायला नको. खुद्द विठाबाईंची शेवटची वर्षं हलाखीत गेली. 15 जानेवारी 2002 ला त्या गेल्या. 2006 पासून राज्य सरकार त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा केला.

यंदा पाडव्याला सुपारी द्यायला राहुटीत जाल, तेव्हा तारखेच्या घासाघिशीत एक गोष्ट जरूर विचारा: फडातली पोरं शाळेत कुठं आहेत? आणि घरी मुलांना विठाबाईंचा किस्सा सांगाल, तेव्हा लोकांनी खेळ थांबवला इथपर्यंत सांगा.